ळ लिहिताना

"का-आठ," धोत्रे म्हणाले. "वे-आठ. डो-आठ-काना. काय वो मॅडम, तांबोला लावलाय का?"

मी वाचनपाटी माझ्याकडे वळवून घेतली. काळ, वेळ, डोळा. तिन्ही शब्द पडद्यावर स्वच्छ उमटले होते.

"आणि ही माझी पोरगी." त्यांनी फोन पाटीजवळ धरला. पाटीने फोनवरचा निरोप उचलला आणि एकेक अक्षर काढत लिहून दाखवला. शेवटी नाव होतं. "मंजु-आठ-काना. पोरीला नंबर लावून ठेवलाय. रोज सकाळी निरोप पाठवते, अन् मला वाटतं बँकेनं पाठवलाय."

ते हसले. मला हसू आलं नाही. आदल्या आठवड्यात त्यांनी औषधाच्या पाकिटावर 'सकाळी गोळी' या दोन शब्दांत दोन आठ वाचले होते, आणि त्यांच्या पत्नीने वेळेवर हात धरला होता.

जगन्नाथ धोत्रे यांनी सांगलीच्या एका दैनिकात चौतीस वर्षं मुद्रितं तपासली. निवृत्तीनंतर एका सकाळी त्यांनी वर्तमानपत्र उघडलं, उलटं धरलंय असं समजून फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि बायकोला विचारलं, "आज पेपर कुठल्या भाषेत टाकलाय?" मेंदूच्या डाव्या बाजूला, मागे, एक छोटी गुठळी अडकली होती. बोलणं शाबूत होतं, ऐकणं शाबूत होतं. लिहिणंसुद्धा शाबूत होतं. ते पत्र लिहीत आणि पाच मिनिटांनी स्वतःचंच पत्र त्यांना वाचता येत नसे.

या आजाराला वाचनलोप म्हणतात आणि तो नवा नाही. त्यातली एक गोष्टही जुन्या डॉक्टरांना ठाऊक होती. अशा माणसाच्या तळहातावर बोटाने अक्षर काढलं, तर तो ते ओळखतो. डोळ्यांकडून अक्षरांकडे जाणारा रस्ता बंद झालेला असतो, पण हाताकडून जाणारा रस्ता उघडा असतो. गेल्या दहा वर्षांत यात एका शोधाची भर पडली. तळहाताला स्पर्श करायचीही गरज नाही. समोर अक्षर लिहिलं जाताना नुसतं दिसलं, तरी मेंदू ती हालचाल आतल्या आत स्वतः करून बघतो आणि त्या हालचालीवरून अक्षर ओळखतो. अट एवढीच, की हालचाल खऱ्या माणसाच्या हाताची हवी. गणिताने काढलेली गुळगुळीत रेघ मेंदू नाकारतो. वळणाआधी हात किती मंदावतो, कुठे दाब वाढतो, कुठे बोटं थकतात, हे सगळं त्यात असावं लागतं.

म्हणून हस्तगती फॉन्ट आले. साध्या फॉन्टमध्ये अक्षराचा आकार साठवलेला असतो, यात अक्षराचा प्रवास साठवलेला असतो. एक अक्षररेखनकार संवेदक बसवलेलं पेन घेऊन प्रत्येक अक्षर चाळीस-चाळीस वेळा लिहितो, आणि पुढे पाटी जगातला कुठलाही मजकूर त्याच्या हाताने लिहून दाखवते.

देवनागरीतला सर्वात वाचनीय हात हेमंत पोंक्षे यांचा होता. ते तासगावचे. त्यांनी एका कंपनीला नमुन्यादाखल हिंदीला लागणारी अक्षरं वापरायला दिली होती. त्यांत ळ नव्हता, आणि मग एका दुपारी त्यांचं हृदय बंद पडलं. कंपनीच्या मोठ्या बाजाराला ळ फारसा लागत नव्हता. तिथल्या कुणीतरी तो संगणकावर बनवला: डावं वाटोळं, उजवं वाटोळं, एका दमात, न थांबता. तो अगदी नीटस दिसे. पण हालचाल म्हणून बघितली, तर तो आडवा पडलेला इंग्रजी आठ होता.

एका दुपारचं काम होतं. पण करारानुसार ती फाइल उघडून बघायलाही मला मनाई होती. मी दुरुस्तीसाठी तीन पत्रं पाठवली. तिन्ही वेळा आलेला नकार शब्दशः एकच होता.

मी मेंदूविज्ञान शिकले आहे, पण गेली चार वर्षं माझं खरं काम मागण्याचं आहे. मी अक्षररेखनकारांच्या घरी जाते आणि त्यांना सांगते, तुमचा हात मुक्त परवान्याखाली सोडा. अकरा जणांनी सोडला, पण त्यांतला एकही धोत्र्यांना नीट वाचता आला नाही. पोंक्षे यांची मूळ फाइल त्यांच्या पत्नीकडे होती.

*

"चप्पल आत काढा," बकुळ पोंक्षे म्हणाल्या. "बाहेर कुत्रं नेतं."

त्या साठीच्या होत्या. भूमापन कार्यालयात नकाशे आरेखण्याचं काम करून निवृत्त झालेल्या. माजघरात एकच मोठं टेबल होतं, समोरासमोर दोन खुर्च्या. एका बाजूला त्यांचा ट्रेसिंग कागद ताणून लावलेला होता. दुसऱ्या बाजूला फक्त एक पाटी, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या हाताखाली असावी तशी ठेवलेली.

त्यांनी बेदाण्यांची वाटी पुढे केली. "तुम्ही चौथ्या. आधीचे तिघे कंपनीचे. पेढे घेऊन आले होते. तुम्ही काय आणलंय?"

"काही नाही."

"बरं झालं. पेढे मुंग्यांनी खाल्ले."

मी परवाना समजावून सांगितला. फाइल कुणालाही घेता येईल, वापरता येईल, उघडता येईल, बदलता येईल, पुढे देता येईल.

"कुणालाही?"

"कुणालाही."

"उद्या साबणाच्या जाहिरातीत हेमंतचं अक्षर येईल?"

"येईल."

"धमकीच्या चिठ्ठीत?"

"तेही अडवता येत नाही."

"आणि मी परत मागितलं तर?"

"परत मिळत नाही, बकुळताई. एकदा सोडलं की सोडलं."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्ही मागायला आलात की घाबरवायला?"

"मागायला. पण खरं सांगून." मग मी त्यांना त्या परवान्यातली एकच राखीव गोष्ट सांगितली. मूळ नाव राखता येतं. फाइल बदलणाऱ्याला ते नाव वापरता येत नाही, त्याला दुसरं नाव ठेवावं लागतं.

मग उठून त्यांनी पलीकडची पाटी चालू केली आणि आपल्या खुर्चीत येऊन बसल्या. पाटीवर एक शब्द लिहिला जाऊ लागला. प्रत्येक अक्षर पेनाने नोंदवताना पोंक्षे त्यासाठी एक शब्द निवडत. ळ साठी त्यांनी निवडलेला शब्द होता बकुळ.

ब, कु. मग ळ चं डावं वाटोळं पूर्ण झालं आणि हात थांबला. पेन उचललं गेलं नाही, फक्त दाब हलका झाला आणि पेनाचा कल किंचित बदलला. मग उजवं वाटोळं.

"तीनशे नव्वद मिलिसेकंद," मी सवयीने पाटीच्या कोपऱ्यातला आकडा वाचला. "हा थांबा आजाराचा असू शकतो. त्यांच्या हाताला कंप होता का?"

"कंप?" त्या पहिल्यांदाच हसल्या. "अहो, तो वर बघायचा."

मला कळलं नाही.

"मी इथे बसलेली असायचे, नकाशा काढत. माझं नाव लिहायचं म्हणजे अर्ध्यात माझ्याकडे बघायचा. मी वर न बघता म्हणायचे, लिही. मग तो पुढे लिहायचा." त्यांनी पाटीकडे बोट केलं. पुन्हा बकुळ लिहिलं जात होतं, वेगळ्या वेळचं, वेगळ्या दाबाचं. "चाळीस वेळा लिहिलाय. चाळीस वेळा बघतो. रोज चहा झाला की मी लावते. तुम्हाला वेड वाटत असेल."

"नाही."

"मग समजून घ्या. बाकी सगळी अक्षरं न्या हवी तर. हे माझं आहे."

मी बेदाणे खाल्ले. धोत्र्यांबद्दल, त्यांच्या मुलीच्या नावाबद्दल, गोळ्यांच्या पाकिटाबद्दल सांगितलं. दारापर्यंत आल्यावर त्यांनी विचारलं, "तो थांबा काढून टाकला तरी चालेल ना वाचायला?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "करून बघावं लागेल."

*

त्या पुढच्या मंगळवारी मिरजेला, आमच्या पुनर्वसन केंद्रात आल्या. पाटी स्वतः घेऊन आल्या आणि फाइलची प्रत कुणालाही देणार नाही असं आधी सांगितलं. मी धोत्र्यांना खिडकीकडे पाठ करून बसवलं. बकुळताई खिडकीशी, त्यांच्या मागे उभ्या राहिल्या.

"आज नवीन तांबोला?" धोत्रे म्हणाले.

पाटी लिहू लागली.

"काळ," ते म्हणाले. मग जरा थांबून, "वेळ. डोळा. सकाळी. गोळी." मी फोन पाटीजवळ धरला. त्यांनी सगळा निरोप वाचला, नातवाचं दुखणं, नागपूरचं ऊन, आणि शेवटी, "मंजुळा." ते नाव त्यांनी तीन वेळा वाचलं. चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"मॅडम, हा माणूस कोण वो?"

"का?"

"ळ लिहिताना बघतो कुणाकडं तरी."

हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. मी त्यांना पुन्हा वाचायला सांगितलं आणि या वेळी पाटीकडे न बघता त्यांच्याकडे बघितलं. प्रत्येक ळ च्या मध्यावर त्यांची मान उचलली जात होती. नजर समोर जायची, किंचित डावीकडे, बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर, आणि परत खाली. तिथे एक रिकामं स्टूल होतं.

मी तो थांबा काढला. पाटीची मांडणी बदलायला मला मिनिटही लागलं नाही.

"का-आठ," धोत्रे म्हणाले. "हे काय केलं? घालवलं की वो!"

थांबा परत घातला. काळ.

नंतर मी मोजमापं पाहिली तेव्हा कारण स्पष्ट झालं. मान वर उचलताना खांदा हलतो, पेनाचा कल तीन अंशांनी बदलतो. त्या बदलामुळे ळ ची दोन वाटोळी दोन वेगळ्या कृती होतात, आठाची एक सलग कृती राहत नाही. वाचणारा मेंदू पोंक्षे यांच्या हाताची नक्कल आतल्या आत करतो, आणि त्या हालचालीत मानही असते. म्हणजे नजर वेगळी काढून अक्षर ठेवता येत नव्हतं. ती नजर हाच त्या अक्षराचा वाचता येणारा भाग होता.

त्या दिवशी मात्र हे काही माहीत नव्हतं. धोत्रे स्टुलाकडे बघून म्हणाले, "समोर कोण बसायचं त्याच्या?"

मी उत्तर द्यायच्या आत बकुळताईंनी पाटी बंद केली, पिशवीत घातली आणि निघून गेल्या.

पंधरा दिवसांनी टपालाने पाकीट आलं. आत फाइल होती आणि परवान्याचा कागद. नकाशावरच्या गावांची नावं लिहावीत तशा बारीक, सरळ अक्षरात भरलेला. फॉन्टचं नाव: बकुळ. हे नाव राखीव. खाली एक ओळ: "थांबा काढणाऱ्याने दुसरं नाव ठेवावं. धोत्र्यांना रोजचे निरोप वाचू देत."

*

मी फाइल मुक्त केली त्याला आता दोन वर्षं होतील.

ती इतकी पसरेल असं मला वाटलं नव्हतं. मुक्त गोष्ट वापरायला कुणाला विचारावं लागत नाही, हेच तर मी लोकांना सांगत फिरत होते. राज्यातल्या सगळ्या पुनर्वसन केंद्रांनी ती घेतली. मग मुळाक्षरं गिरवण्याच्या पाट्या बनवणाऱ्यांनी घेतली, कारण हात कसा फिरतो हे दाखवणारं इतकं चांगलं दुसरं काही नव्हतं. साबणाची जाहिरातही आली.

आमच्या केंद्रात दुपारी सामूहिक वाचन असतं. बारा जण, बारा पाट्या, एकच मजकूर एकाच वेगाने. एका दुपारी मी दारात उभी होते. मजकुरात 'जवळ' हा शब्द आला. बारा माना एकदम वर उचलल्या गेल्या, किंचित डावीकडे, आणि खाली गेल्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. पुढच्या ओळीत 'सावली' होतं, काही झालं नाही. त्यापुढे 'मावळला'. पुन्हा बारा माना.

मी ते निरीक्षण वहीत लिहायला घेतलं. 'ओळ' हा शब्द लिहिताना माझा हात मध्येच थांबला आणि मी वर बघितलं. समोर भिंत होती. माझ्या मेंदूला कसलीही इजा झालेली नाही. मी फक्त दोन वर्षं ही अक्षरं बघते आहे.

मग शाळांकडून पत्रं येऊ लागली. एका आईने लिहिलं होतं: "मुलगी 'बाळ' लिहिताना मध्येच समोर बघते. समोर कोणी नसतं. मी विचारलं, कुणाकडे बघतेस? म्हणाली, माहीत नाही, असंच लिहितात."

एका शिक्षकाने थांबा काढून नवी आवृत्ती तयार केली. बकुळ हे नाव वापरता येत नव्हतं म्हणून तिला नाव दिलं 'सरळ'. शाळांनी ती घेतली, आणि ते योग्यच झालं. पण दोन वर्षांत जी मुलं ळ शिकली, ती शिकली. आणि 'सरळ' आमच्या रुग्णांच्या काही उपयोगाची नव्हती. तिच्यात लिहिलेलं तिचंच नाव धोत्रे 'सर-आठ' असं वाचत.

बकुळताईंना यातलं काही कळवायचं मला धैर्य झालं नाही. पत्र लिहायला मी दोनदा बसले. दोन्ही वेळा त्यांच्या नावाच्या शेवटच्या अक्षराशी अडले.

*

गेल्या सोमवारी त्या स्वतःच आल्या. हाताशी ट्रेसिंग कागदाची गुंडाळी होती.

"अश्लेषा, मला कळवलं का नाहीस?" पहिल्यांदाच त्यांनी मला एकेरीत हाक मारली.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. सात-आठ महिन्यांपूर्वी मिरजेच्या गाडीत समोरच्या बाकावर एक शाळेतली मुलगी बसली होती. पाटीवर लिहीत होती. मध्येच तिने वर बघितलं, माझ्या खांद्यावरून मागे." त्या थांबल्या. "ते बघणं मी ओळखते. मला वाटलं तो माझ्या मागे बसलाय. मी वळून बघितलं, अगं. भर गाडीत."

मी माफी मागितली. त्यांनी हाताने ती बाजूला सारली.

"घरी लावलं तर आता तो माझ्याकडे बघतोय असं वाटत नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्यांकडे बघतोय असं वाटतं. गेले सहा महिने मी लावलेलंच नाही. राग तुझ्यावर नाही. तू सांगितलं होतंस परत मिळणार नाही म्हणून."

"पहिली फाइल तुमच्याकडे आहे. तिच्यात काही बदललेलं नाही."

"फाइल नाही बदललेली." त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "तुमच्या रुग्णांचं वाचन कधी असतं?"

"आता सुरू होईल."

"नक्की कुठे बघतात ते? तू मोजलं असशील."

मी मोजलं होतं. पाटीपासून एक मीटर, मध्यरेषेच्या डावीकडे अकरा अंश, बसलेल्या मध्यम उंचीच्या व्यक्तीचे डोळे असतील तिथे. बारा जणांच्या नजरा काढून मी खोलीच्या आराखड्यावर रेषा ओढल्या होत्या. अर्धवर्तुळात बसलेल्या बारा जणांच्या रेषा अगदी एका बिंदूत मिळत नव्हत्या, पण फारशा लांबही नव्हत्या. मी तो आराखडा त्यांना दाखवला. त्यांनी तो नकाशा बघावा तसा बघितला, दिशा लावून.

मग त्या वाचनकक्षात गेल्या. कोपऱ्यातली खुर्ची उचलून त्यांनी अर्धवर्तुळासमोर आणून ठेवली, जराशी उजवीकडे सरकवली, परत थोडी डावीकडे. बसल्या. मांडीवर फळी ठेवून तिच्यावर कागद ताणला आणि पेन काढलं.

"कोण वो ह्या?" धोत्र्यांनी मला विचारलं.

"बसू द्या त्यांना," मी म्हटलं.

"बसा की, आमचं काय जातंय. चहा नाही मिळत हं इथं."

"चहा पिऊन आलेय," बकुळताई म्हणाल्या आणि कागदावर रेघ ओढायला लागल्या.

पाट्या चालू झाल्या. मजकूर एका विहिरीबद्दल होता. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. खोलीत बारा पाट्यांवर एक हात लिहीत होता आणि समोर पेन कागदावर सरकल्याचा बारीक आवाज येत होता. तिसऱ्या ओळीत शब्द आला, 'तळाशी'. डावं वाटोळं पूर्ण झालं. हात थांबला.

बारा माना वर उचलल्या गेल्या.

या वेळी त्या लगेच खाली गेल्या नाहीत. तीनशे नव्वद मिलिसेकंद होऊन गेले, मग सेकंद, मग दोन. धोत्र्यांचं तोंड किंचित उघडं होतं. माझ्या नोंदींमध्ये असं कधी झालं नव्हतं.

बकुळताईंनी नकाशावरून डोळे काढले नाहीत.

"वाचा," त्या म्हणाल्या.